बॅकस्पेस नसलेला क्लास

बजाजनगरात बन्सीच्या पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या आहेत आणि त्या दोन खोल्यांत मनकर्णाबाईंचा टायपिंगचा क्लास एकतीस वर्षं चालतो आहे. गिरणीवर खोल्या घेऊ नका, असं तेव्हाही चौघांनी बजावलं होतं. पण तेव्हा टाइपरायटर होते आणि टाइपरायटरला पिठाचं काही वाटत नसे. संध्याकाळी ब्रशनं अक्षरं झटकली की ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार.

मग सरकारला वाटलं की टायपिंग कॉम्प्युटरवरच झालं पाहिजे. सरकारला वाटलं म्हणजे झालंच. बाईंनी दहा कॉम्प्युटर घेतले. कॉम्प्युटरच्या डब्याला पंखा असतो, पंखा हवा ओढतो आणि बन्सीच्या गिरणीवर हवा म्हणजे निम्मं पीठच. वर्ष-दीड वर्षात एकेक डबा आधी गुरगुरायचा, मग तापायचा, मग उताऱ्याच्या ऐन मध्यावर बंद पडायचा. मग शहागंजहून शफीकभाई सबंध शहर ओलांडून स्कूटरवर यायचे, स्क्रू काढायचे, आत बघायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "ताई, इसमें तो चार चपात्या होतात."

बाईंना हे हसण्यावारी नेता येत नसे, कारण पीठ बन्सीचं असलं तरी बिल त्यांचं होतं.

डब्यांपेक्षाही बाईंना एका गोष्टीचा जास्त त्रास व्हायचा. त्यांच्या क्लासात खाडाखोड चालत नसे. टाइपरायटरच्या काळात कुणाच्या दप्तरात खोडरबर सापडलं की ते खिडकीतून बाहेर जायचं. गिरणीच्या पत्र्यावर अजूनही दोन-तीन सापडतील. चूक झाली तर ती कागदावर दिसली पाहिजे, दिसली की माणूस ती पुन्हा करत नाही, पुसली की करतो, एवढं साधं त्यांचं शास्त्र होतं. कॉम्प्युटर आले आणि प्रत्येकाच्या करंगळीखाली बॅकस्पेस आली. पोरं दोन अक्षरं पुढं जायची, तीन मागं यायची. बाईंनी एकदा चिडून दहाच्या दहा बॅकस्पेस स्क्रू-ड्रायव्हरनं उपटून काढल्या, तर पोरं पेनाच्या टोपणानं त्या खड्ड्यात टोचायला लागली. ही बटणं आतूनच बंद करून द्या, असं बाईंनी कितीतरी जणांना सांगितलं. करून देतो म्हणणारे पुष्कळ भेटले. करून कुणीच दिलं नाही.

तर दोन वर्षांमागं मे महिन्यात एकाच आठवड्यात तीन डबे गेले. शफीकभाई आले, पण या वेळी त्यांनी स्क्रू काढलेच नाहीत. पिशवीतून पत्त्यांच्या कॅटाएवढी एक प्लॅस्टिकची डबी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"कॉम्प्युटर."

"पूर्ण?"

"पूरा. सिंगल बोर्ड बोलतात त्याला. एकाच पट्टीवर सगळं."

"मग इतके दिवस एवढ्या मोठ्या डब्यात काय होतं?"

"हवा होती ताई. और तुमच्याकडं पीठ." शफीकभाईंनी डबी मॉनिटरच्या पाठीला चिकटपट्टीनं लावली आणि त्यात मोबाईलमध्ये असतं तसलं नखाएवढं कार्ड सरकवलं. "पंखा नाय. पंखा नाय तो पीठ नाय. अंदर विंडोज के बदले लिनक्स हाय, उसका लायसन-फायसन कुछ नहीं. व्हायरसका भी टेन्शन नहीं."

बाईंचा अशा गोष्टींवर चटकन विश्वास बसत नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या, कीबोर्ड पुढ्यात घेतला आणि एका दमात अर्धं पान टाइप केलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं बोटं जिथं पडतात तिथंच अक्षरं उमटली. काही नाव ठेवायला मिळतंय का ते त्यांनी बघितलं. मिळालं नाही. तेव्हा त्यांनी आपला जुना प्रश्न विचारला.

"बॅकस्पेस बंद होईल?"

शफीकभाईंनी काळा पडदा उघडला, एक ओळ लिहिली आणि एंटर दाबलं. "दाबके देखो."

बाईंनी बॅकस्पेस दाबली. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबली. मग सात-आठ वेळा दाबली, जरा जोरात. पडद्यावरचं अक्षर जागचं हललं नाही. मनकर्णाबाईंना त्या दिवशी जो आनंद झाला, तसा त्यांना मुलाच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे त्यांनी सुनेसमोर दोनदा बोलूनही दाखवलं.

वर्षभरात दहाच्या दहा जागी बोर्ड आले. जुन्या डब्यांतलं चालण्यासारखं जे होतं ते शफीकभाईंनी काढून नेलं आणि पोकळ डबे माळ्यावर गेले. क्लास इतका शांत झाला की पोरांना पहिल्यांदाच खालची गिरणी ऐकू यायला लागली.

चार नंबरच्या मशीनवर मोनिका बसायची. तिचे वडील एका सरकारी कार्यालयात नोकरीत असताना वारले आणि त्यांच्या जागी अनुकंपेवर ती क्लार्क म्हणून लागली. घरात आई आणि शिकणारा भाऊ. ऑर्डरमध्ये एक अट होती: दोन वर्षांत मराठी टायपिंगचं तीस शब्दांचं सर्टिफिकेट द्यायचं, नाहीतर नोकरी संपली. दोन वर्षं मार्चअखेर भरणार होती. मोनिका दोनदा नापास झालेली होती, दोन्ही वेळा दुसऱ्या क्लासातून, आणि दोन्ही वेळा खोडत बसल्यामुळं. आता डिसेंबरची एक परीक्षा उरली होती. ती रोज साडेसहाला ऑफिसातून परस्पर यायची, जेवणाचा डबा खुर्चीखाली ठेवायची आणि आठपर्यंत मान वर करायची नाही.

"परीक्षेला दुसरंच मशीन असतंय बाई," एकदा ती म्हणाली. "तिथं विंडोज असंल."

"बोटं तुझीच असतेत ना?" बाई म्हणाल्या. "मग."

ऑक्टोबरात पत्र आलं. संस्थेची मान्यता नव्यानं द्यायची होती, त्यासाठी दसऱ्यानंतर पाच दिवसांनी तपासणी. सोबत तक्ता होता. त्यात सहावा रकाना असा: 'सीपीयू संख्या, प्रत्यक्ष पाहून (किमान दहा)'. सीपीयू म्हणजे टेबलाखालचा डबा. मान्यता नसलेल्या क्लासातून परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. म्हणजे दहा सीपीयू दिसले नाहीत तर मोनिकाची परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली तर मार्चअखेर नोकरी.

बाईंनी उस्मानपुऱ्यात क्लास चालवणाऱ्या तबस्सुमला फोन लावला. तिच्याकडं तपासणी होऊन गेली होती.

"मेरे पास बारा लॅपटॉप हैं बाई," तबस्सुम म्हणाली. "साहेबांनी टेबलाखाली वाकून बघितलं आणि लिहिलं, सीपीयू आढळले नाहीत. आता माझे चाळीस फॉर्म अडकलेत."

मग बाईंनी वरच्या कार्यालयाला फोन केला आणि आपल्याकडं दहा संगणक आहेत, चांगले चालतात, फक्त ते मॉनिटरच्या मागं असल्यामुळं दिसत नाहीत, असं नीट समजावून सांगितलं. पलीकडच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिसत नसतील तर मोजायचे कसे?" बाईंनी फोन ठेवला.

शफीकभाईंनी जो मार्ग सुचवला तो बाईंना आधीच दिसत होता, म्हणून त्यांनी माळ्याकडं बघायचंच सोडलं होतं. "दस डब्बे पडे हैं ना ऊपर," शफीकभाई म्हणाले. "खाली उतरवू. वायर मागून घुसवू, बाहर निकालू. किसको समझेगा?"

"मला समजंल," बाई म्हणाल्या आणि विषय संपवला.

दोन दिवस विषय संपलेला राहिला. तिसऱ्या दिवशी बाईंनी मोनिकाचा उतारा तपासला. एकतीस शब्द, चुका चार, आणि एकाही चुकीपाशी पोरगी थांबलेली नव्हती. बाईंनी कागद टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि शफीकभाईंना फोन केला. "शिडी घेऊन या," एवढंच म्हणाल्या.

डबे खाली आले, त्यांतलं जुनं पीठ झाडलं गेलं आणि ते टेबलांखाली ओळीनं उभे राहिले. वायरी मागच्या भोकातून आत जाऊन दुसऱ्या भोकातून बाहेर पडत होत्या. शफीकभाईंना आपल्या कामात रस आला होता. त्यांनी प्रत्येक डब्यात सेलवरचा एक हिरवा दिवा लावायचं काढलं, तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरला.

"दिवा नको शफीकभाई. खोटं बोलायचं तर लागतंय तेवढंच बोलावं."

खंडेनवमीला क्लासात पूजा असते. खाली बन्सी गिरणीला हार घालतो आणि उरलेला झेंडू वर आणून देतो, ही रीत बाईंचे यजमान होते तेव्हापासूनची. बाईंनी मशीनं पुसून घेतली. मग हळदकुंकवाचा करंडा घेऊन एकेका मॉनिटरच्या मागं वाकल्या आणि त्या इवल्याशा डबीवर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट टेकवत गेल्या. जी वर्षभर राबते तिची पूजा.

"वैनी, खालचे डबे ऱ्हायले," दारातून बन्सी म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. त्यांनी काय काम केलंय?" बाई म्हणाल्या आणि फुलं मॉनिटरवर ठेवली.

तपासणीला ढाकणे साहेब आले. वर्षभरात रिटायर होणारा माणूस, काखेत फाईल, खिशाला दोन पेनं. चहा नको म्हणाले, पाणी घेतलं. नोंदवही बघितली, अग्निशामक नळकांडं बघितलं, त्यावरची तारीख बघितली. पोरं मशीनवर बसून उतारे मारत होती. मोनिकानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि चार नंबरवर बसली होती. साहेब कमरेवर हात देऊन वाकले आणि टेबलांखाली बघत मोजत गेले. एक, दोन, तीन. दहाला पोचून त्यांनी सहावा रकाना भरला. बाईंनी श्वास सोडला.

मग साहेबांनी फोटोसाठी मोबाईल काढला. खिडकीच्या उजेडाचा त्रास होतो म्हणून ते ओळीच्या मागच्या बाजूला गेले. तिथून त्यांना मॉनिटरच्या पाठी दिसल्या. दहा पाठींवर दहा काळ्या डब्या आणि प्रत्येकीवर हळदकुंकू. त्यांनी मोबाईल खाली घेतला. एकदा त्या कुंकवाच्या डब्यांकडं बघितलं, एकदा टेबलांखालच्या कोऱ्या सीपीयूंकडं.

"बाई, खंडेनवमी करता ना तुम्ही?"

"करतो की."

"या आठवड्यात नऊ क्लास बघितले मी. सगळीकडं सीपीयूला कुंकू, हार. एका ठिकाणी तर नारळ. तुमच्या ह्या दहांनी काय घोडं मारलं?"

बाईंनी वॉरंटी कुठंय, बिलं कुठंयत, पंख्याचा आवाज का नाही, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं आठवडाभर घोकली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता. चार नंबरचा कीबोर्ड थांबला. बाईंना वाटलं, काहीतरी सांगावं, विसरले म्हणावं, विटाळ होता म्हणावं.

"ते पोकळ हायेत साहेब," त्या म्हणाल्या. "आत काय नाय. पीठ होतं, ते पण झाडलं. कॉम्प्युटर त्ये मागं हायेत, कुंकवाचे. चालतेत चांगले. तुम्ही कुठल्याबी मशीनवर बसून बघा."

साहेब स्टुलावर बसले. फाईल मांडीवर घेतली.

"मी हे विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

"विचारलं तुम्ही."

"मी कुंकवाचं विचारलं बाई. आत काय हाय ते नाय विचारलं." त्यांनी तक्ता उलगडून बाईंपुढं धरला. "हे बघा. सीपीयू संख्या, प्रत्यक्ष पाहून. मी पाहिले. दहा हायेत. उघडून पाहायला रकाना नाय. नसलेल्या रकान्यात मी तेहतीस वर्षांत काय लिहिलेलं नाय, आता कशाला लिहू?"

खरं बोलून झालं होतं आणि ते कुणाला नकोच होतं. बाईंना साहेबांचा राग आला आणि राग यायला काही कारण नाही हेही कळत होतं.

"पण फोटो वर जातोय," साहेब पुढं म्हणाले. "वरचा माणूस बी आपल्यातलाच. त्याच्यापुढं सगळ्या क्लासांचे फोटो राहणार, कुंकू लावलेले. तुमचेच दहा कोरे. तो माझ्यासारखंच विचारील. मग मला उत्तर द्यावं लागंल, आणि मी तुमच्यावाणी खरं बोलून बसलो तर ह्या पोरीबाळींचं अवघड होईल." त्यांनी मोबाईल पुसला. "कुंकू लावून घ्या."

"पोकळ डब्यांना?"

"पोकळ डब्यांना."

बाईंनी मोनिकाकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती. बोटं मधल्या ओळीवर, बाईंनी शिकवली तशी, मनगटं उचललेली. ती म्हणाली असती, बाई, लावा, तर बाईंना ते सोपं गेलं असतं.

बाई आतून करंडा घेऊन आल्या. पहिल्या टेबलाखाली वाकल्या, गुडघा फरशीला टेकला आणि पत्र्यावर हळदीचं बोट लावलं, मग कुंकवाचं. मग दुसऱ्या. पोरं खुर्च्या मागं घेऊन वाट देत होती आणि सगळी खाली मान घालून होती. एकतीस वर्षांत बाईंनी या खोलीत कुणाची खाडाखोड चालू दिली नव्हती आणि आता पोरांच्या पायांशी रांगत त्या पोकळ पत्र्याची पूजा करत होत्या. त्यांना लाज वाटली. चौथ्या डब्यापाशी मोनिकाचे पाय होते. ते तिनं पटकन वर घेतले आणि बाईंना दिसलं की पोरगी रडते आहे. बाईंनी तिथं चुकून हळदीच्या आधी कुंकू लावलं. मग तसंच पुढं सरकल्या. दहावा झाल्यावर टेबलाला धरून उठल्या.

साहेबांनी दोन फोटो काढले, सही केली, शिक्का मारला. जिन्यात पोचल्यावर ते मागं फिरले.

"बाई, ते मागचं छोटं. आमच्या घरचा पीसी चार महिने झाले बंद हाय. पोरगी ओरडती. कोण बसवून देतंय?"

बाईंनी त्यांना शफीकभाईंचा नंबर दिला.

नोव्हेंबरात मान्यता आली. पत्रात लिहिलं होतं, 'साधनसामग्री सुस्थितीत असून निगा उत्तम'. बाईंनी ते फाईलला लावलं, भिंतीवर लावलं नाही. मोनिकाचा फॉर्म गेला. डिसेंबरात परीक्षा झाली. मशीन वेगळं होतं, बॅकस्पेस चालू होती, आणि मोनिकानं करंगळी तिकडं नेली नाही. फेब्रुवारीत निकाल लागला. तिनं सर्टिफिकेट ऑफिसात जमा केलं, पोच घेतली आणि संध्याकाळी साडेसहाला पेढे घेऊन क्लासात आली.

बाईंच्या पाया पडायला वाकली तेव्हा तिला टेबलांखाली ते डबे दिसले. अजून ओळीनं उभे होते. कुंकवावर चार महिन्यांचं पीठ बसून ते गुलाबी पडलं होतं. मोनिकानं पेढ्यांचा बॉक्स खुर्चीवर ठेवला, मोरीतून ओलं फडकं पिळून आणलं आणि चौथ्या डब्यापाशी बसली.

"काय करतीस?" बाईंनी विचारलं.

"पुसून घेते बाई. आता काय गरज हाय ह्याची? झालं ना सगळं."

"ठेव ते फडकं."

"बाई, पण माझ्यामुळं तुम्हाला..."

"तुझ्यामुळं नाय. ती माझी चूक हाय, मी केली, आणि तुझ्यासाठी परत बी करीन." बाई नव्या पोरांचे उतारे तपासत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "चूक झाली की ह्या क्लासात काय करतेत?"

मोनिकानं पुढं केलेलं फडकं मागं घेतलं. खाली बन्सीनं गिरणी चालू केली आणि टेबलं थरथरायला लागली.

"पुढं जातेत," ती म्हणाली.

"मग जा. पेढे वाट आधी."

मोनिकानं फडकं मोरीत टाकलं आणि पेढे वाटले. बाईंनी एक पेढा खाल्ला, दुसरा रुमालात बांधून शफीकभाईंसाठी ठेवला आणि पुढच्या कागदावरच्या चुका लाल पेनानं मोजायला घेतल्या.